आधी पंप चालवून दाखवा

परदेशी जहाज धक्क्याला लागलं की तपासनिसाचं काम शिडीच्या पायथ्याशीच सुरू होतं. शिडीखाली जाळी आहे का, लोडलाइनची खूण (जहाज जास्तीत जास्त किती बुडावं याची खूण) पाण्याखाली तर नाही ना, हे तो वर चढण्याआधीच पाहून घेतो. जहाजावर झेंडा कुठलाही असो, बंदर ज्या देशाचं त्याला ही तपासणी करता येते. हेच पोर्ट स्टेट कंट्रोल. १९७८ मध्ये अमोको कादिझ हे तेलवाहू जहाज फ्रान्सच्या किनाऱ्यावर फुटलं, त्यानंतर १९८२ मध्ये युरोपातल्या देशांनी पॅरिसमध्ये यासाठी करार केला. हिंदी महासागराच्या कराराचं सचिवालय गोव्यात आहे.

सर्टिफिकेटं सहसा चोख असतात. पंचाईत होते ती "इमर्जन्सी फायर पंप चालवा" म्हटल्यावर. इंजिन रूम पेटली तर तिथले पंप गेलेच, म्हणून हा पंप बाहेर, बरेचदा जहाजाच्या टोकाकडे बसवतात. त्यानं एकाच वेळी दोन होजना जोरदार पाणी द्यायला हवं. माल उतरवलेलं जहाज पाण्यातून वर उचललं जातं आणि पंपाला पाणी जास्त उंचीवरून ओढावं लागतं. अशा वेळी सक्शन पाइपात बारीक गळती असली तरी पंप हवाच खेचत बसतो. भरलेल्या जहाजावर हाच पंप झकास चालतो, त्यामुळे खलाशांना दोषाचा पत्ताच नसतो.

पंप चालला तरी पुढचा प्रश्न असतोच: इंजिन रूमकडचा पाइप तोडणारा आयसोलेटिंग व्हॉल्व्ह कुठे आहे? तो बंद केला नाही तर इंजिन रूममधल्या फुटलेल्या पाइपातून पाणी वाहून जाईल आणि डेकवरचा होज लुळा पडेल. कित्येकदा व्हॉल्व्ह सापडतो, पण रंगाच्या थरांखाली चाक जाम झालेलं असतं.

मुख्य वीज गेली की इमर्जन्सी जनरेटरला वीज जोडायला ४५ सेकंद मिळतात; तिथे बहुधा तो सुरू करणारी बॅटरी दगा देते.

सगळ्यात फसवा भाग म्हणजे हवेच्या वाटा बंद करणारे डॅम्पर. आग विझवायला इंजिन रूममध्ये सोडायच्या कार्बन डायऑक्साइडपैकी ८५ टक्के वायू दोन मिनिटांत आत जायला हवा, पण वाट उघडी राहिली तर तो तिथून निसटतो. खाऱ्या हवेत डॅम्परचा दांडा गंजून आतल्या पत्र्यापासून सुटतो. मग हँडल "बंद"वर येतं आणि पत्रा मात्र उघडाच राहतो. म्हणून मुरलेला तपासनीस हँडलवर विसंबत नाही, झाकण काढायला लावतो आणि टॉर्च मारून पत्रा हललेला स्वतः बघतो. नाही हलला, तर अहवालात १७ हा कोड पडतो, म्हणजे निघण्याआधी दुरुस्ती. दोष गंभीर ठरला तर ३०, आणि जहाज तिथेच अडकतं.