बांबूपाशी अडलेले पदक: भारतीय डेकॅथलॉनची पार्श्वभूमी

३ ऑक्टोबर २०२३ रोजी तेजस्विन शंकरने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दहा प्रकारांच्या डेकॅथलॉनचे रौप्यपदक घेतले. त्यानंतर तीन-साडेतीन आठवड्यांत ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात सुरू झाली. उद्घाटन फातोर्ड्याला आणि ॲथलेटिक्स बांबोळीच्या पठारावर. तरीही आपल्याकडे डेकॅथलॉन म्हटले की आधी खेळाच्या सामानाचे दुकान आठवते. ज्या खेळावरून त्या दुकानाला नाव मिळाले, त्यात भारताला १९७४ नंतर थेट २०२३ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेचे पदक मिळाले. मधली ४९ वर्षे कुठे गेली, हे गुणतक्ता, म्हणजे कोणत्या वेळेला, अंतराला, उंचीला किती गुण ते सांगणारा तक्ता, उघडल्याशिवाय कळत नाही.

डेकॅथलॉन म्हणजे दोन दिवस, रोज पाच प्रकार आणि दहांच्या गुणांची बेरीज. पहिल्या दिवशी १०० मीटर, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी, ४०० मीटर. दुसऱ्या दिवशी ११० मीटर अडथळा, थाळीफेक, बांबू उडी, भालाफेक आणि शेवटी, पायांत काही उरलेले नसताना, १५०० मीटर. क्रम बदलत नाही. उड्या-फेकींना तीनच प्रयत्न. उंच उडीची दांडी दर वेळी ३ सेंटीमीटरने चढते, बांबू उडीची १० सेंटीमीटरने. एखाद्या प्रकारात तिन्ही प्रयत्न फुकट गेले तर शून्य गुण मिळतात, पण पुढे खेळता येते. एखाद्या प्रकारात उतरलाच नाहीत तर मात्र स्पर्धा संपली.

हे शून्य फार महागात पडते. १९९२ मध्ये बार्सिलोनाच्या सुवर्णपदकाचा दावेदार मानला जाणारा अमेरिकेचा डॅन ओब्रायन निवड चाचणीत बांबू उडीला थेट ४.८० मीटरवर उतरला. खालच्या उंचीवर शक्ती घालवायची नाही हा हिशेब. तिन्ही प्रयत्न चुकले आणि तो ऑलिंपिकला गेलाच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने ८८९१ गुणांचा विश्वविक्रम केला. हिशेब चुकीचा होता असे नाही, पण सुरुवातीची उंची म्हणजे झोपेतून उठवले तरी पार होईल अशी हवी, हे प्रशिक्षक तेव्हापासून आणखी घसा फोडून सांगतात.

भारताची गोष्ट गुरबचनसिंग रंधावांपासून सुरू होते. अमृतसर जिल्ह्यातल्या नांगलीचे रंधावा १९३९ चे. १९६० च्या दिल्लीतील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी दोन दिवसांत चार राष्ट्रीय विक्रम मोडले: उंच उडी, भालाफेक, ११० मीटर अडथळा आणि डेकॅथलॉन. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा ॲथलेटिक्समधला पहिला मान त्यांचा. पुढच्याच वर्षी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ६९१२ गुणांनी सुवर्ण. तेव्हा गोवा मुक्त होऊन वर्षही झाले नव्हते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते भारताचे ध्वजवाहक होते आणि ११० मीटर अडथळ्यांत १४.०७ सेकंदांनी पाचवे आले. २००५ मध्ये पद्मश्री मिळाली.

जाकार्ताच्या सुवर्णाला एक बाजू आहे, ती सहसा सांगितली जात नाही. इंडोनेशियाने तैवान आणि इस्रायलच्या पथकांना प्रवेशच दिला नव्हता. १९५४ आणि १९५८ चा आशियाई विजेता, तैवानचा यांग चुआन-क्वांग, त्यामुळे तिथे नव्हताच. याने रंधावांचे मोल कमी होत नाही. अनुपस्थित माणसाला कोण हरवणार? पण यांगची आठवण दुसऱ्या कारणाने ठेवायला हवी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये दहापैकी सात प्रकारांत तो अमेरिकेच्या रेफर जॉन्सनच्या पुढे होता. जॉन्सन पुढे होता तो फक्त गोळा, थाळी आणि भाल्यात, आणि तेवढ्यावर ५८ गुणांनी सुवर्ण घेऊन गेला. सात ठिकाणी जिंकूनही तीन फेकींनी रुपे हाती दिले. भारतीय खेळाडूंचे पुढे वर्षानुवर्षे तेच झाले, फक्त फेकींच्या जोडीला बांबू उडीही आली.

रंधावांचे ६९१२ आणि तेजस्विनचे हांगझोऊतले ७६६६ शेजारी ठेवून ‘साठ वर्षांत साडेसातशे गुणांची प्रगती’ असे कुणी लिहिले तर विश्वास ठेवू नये. गुणतक्ता मध्ये दोनदा बदलला: एकदा १९६० च्या दशकात आणि नंतर १९८५ मध्ये, जो आजही चालतो. शिवाय त्या काळात वेळ हाताने घेत. घड्याळवाल्याचे बोट बंदुकीच्या आवाजानंतर दाबले जाते, म्हणून हाताच्या वेळेत १०० मीटर आणि ११० मीटर अडथळ्यांना ०.२४ सेकंद आणि ४०० मीटरला ०.१४ सेकंद वाढवूनच आजच्या तक्त्यात बघावे लागते.

रंधावांनंतर विजयसिंग चौहान. १९७२ ला अर्जुन पुरस्कार आणि १९७४ ला तेहरानमध्ये ७३७८ गुणांनी सुवर्ण. त्याच स्पर्धेत केरळच्या सुरेश बाबूने कांस्य घेतले. तो मुळात लांब उडीवाला, १९७८ ला बँकॉकमध्ये लांब उडीचे सुवर्ण त्याचेच. त्यानंतर आशियाई क्रीडा स्पर्धांत डेकॅथलॉनची पाटी कोरी. २०११ मध्ये भरतिंदर सिंगने ७६५८ गुण केले आणि तो राष्ट्रीय विक्रम बारा वर्षे टिकला.

या कोऱ्या काळात महिलांचे काय चालले होते ते पाहिले की दुखणे नेमके कुठे आहे ते कळते. हेप्टॅथलॉनमध्ये २००२ आणि २००६, दोन्ही वेळा सोमा बिस्वास रौप्य आणि जे. जे. शोभा कांस्य. २०१८ ला जाकार्तात स्वप्ना बर्मन ६०२६ गुणांनी सुवर्ण. हांगझोऊत नंदिनी अगसराला ५७१२ गुणांनी कांस्य, तर स्वप्ना चार गुणांनी चौथी. तोच देश, तीच मैदाने, तेच प्रशिक्षण. फरक असा, की हेप्टॅथलॉनच्या सात प्रकारांत बांबू उडी नाही आणि थाळीफेकही नाही.

तेजस्विन मुळात उंच उडीवाला. दिल्लीच्या शाळेत तो वेगवान गोलंदाजी करायचा, तिथून उंच उडीकडे वळला. २०१६ मध्ये कोईमतूरला, अठराही पूर्ण नसताना, २.२६ मीटर उडी मारून राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१८ मध्ये तो २.२९ वर नेला. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकताना डेकॅथलॉन गांभीर्याने घेतली. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत उंच उडीचे कांस्य, २.२२ मीटर.

हांगझोऊचे त्याचे दोन दिवसांचे पत्रक सावकाश वाचण्यासारखे आहे. १०० मीटर ११.१२ सेकंद, ८३४ गुण. लांब उडी ७.३७ मीटर, ९०३. गोळा १३.३९ मीटर, ६९१. उंच उडी २.२१ मीटर, १००२. ४०० मीटर ४९.६७ सेकंद, ८३०. एकूण ४२६०, आणि पहिल्या दिवसाअखेर पहिला क्रमांक. दुसऱ्या दिवशी अडथळे १४.७८ सेकंदांत, ८७६. इथपर्यंत उत्तम. मग थाळी ३९.२८ मीटर, ६५०. बांबू उडी ४.१० मीटर, ६४५. भाला ५१.१७ मीटर, ६०६. १५०० मीटर ४ मिनिटे ४८.३२ सेकंद, ६२९. एकूण ७६६६. भरतिंदरपेक्षा आठ गुण जास्त. शेवटची शर्यत दीड सेकंद हळू पळाला असता तर राष्ट्रीय विक्रम जागेवरच राहिला असता.

चीनच्या सुन छीहाओने ७८१६ गुणांनी सुवर्ण घेतले. अंतर १५० गुणांचे. आता तक्त्यात बघा: बांबू उडीत ४.१० ला ६४५ गुण, ४.६० ला ७९०. अर्धा मीटर म्हणजे १४५ गुण. ४.७० ला ८१९, म्हणजे हिशेब पुरा. तेच १५० गुण उंच उडीतून काढायचे तर त्याला २.३५ च्याही वर जावे लागले असते, जी उंची त्याने आयुष्यात कधी गाठलेली नाही. गोळा एक मीटर पुढे गेला तर साधारण ६१ गुण; तेवढ्यासाठी १०० मीटरमध्ये ०.२८ सेकंद कमी करावे लागतात, आणि पंचविशीतल्या धावपटूचे एवढे सेकंद सहसा सुटत नाहीत. म्हणून आहे ते घासत बसण्यापेक्षा नाही ते शिकणे स्वस्त पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये पोलंडमध्ये त्याने आपलाच विक्रम ७८२६ वर नेला, म्हणजे सुनच्या हांगझोऊमधल्या गुणांपेक्षा दहा जास्त.

आता गोव्याचा प्रश्न. इथे पायांत जोर असलेली मुले कमी नाहीत. ती कापणी झालेल्या शेतात फुटबॉल खेळतात आणि मैदानावर पहिला हक्कही फुटबॉलचाच असतो. धावणे, लांब उडी, गोळा हे त्यातूनही निभते. बांबू उडी निभत नाही, कारण ती सामानावर अवलंबून आहे. एका मुलाला एक पोल, म्हणजे उडीचा फायबरग्लासचा बांबू, पुरत नाही. प्रत्येक पोलवर लांबी आणि किलोचा आकडा लिहिलेला असतो, आणि तो आकडा उडी मारणाऱ्याच्या वजनापेक्षा कमी नसावा. कमी असला तर पोल गरजेपेक्षा जास्त वाकतो, कधी तुटतो. फार कडक असला तर वाकतच नाही आणि मुलाला उलट धावपट्टीवर आणून टाकतो. अपघात असेही होतात. ६० किलोचा नवखा मुलगा ३.६० मीटरच्या पोलने सुरुवात करतो, पकड वर सरकेल आणि धाव वाढेल तसा पोल लांब आणि कडक होत जातो. दोन हंगामांत तीन-चार पोल बदलावे लागतात, म्हणून ते शाळेने नव्हे, तालुक्यातल्या सगळ्या मुलांनी मिळून वापरायचे असतात.

फायबरग्लासच्या पोलला खिळ्यांच्या बुटाचा ओरखडा हा सगळ्यात मोठा शत्रू. वरून रेघ दिसते, आतून धागे तुटलेले असतात, आणि पुढच्या पूर्ण वाकीत पोल तिथूनच जातो. म्हणून पोल जमिनीवर टाकू नये आणि भिंतीला टेकवून उन्हात उभा ठेवू नये. नळीत घालून आडवा ठेवावा. गाडीच्या टपावर नेताना किमान तीन ठिकाणी आधार द्यावा, नाहीतर टोक हेलकावे खाते. घामेजल्या हातांसाठी पकडीच्या जागी कापडी टेप आणि वर खडूची पूड. आपल्या दमट हवेत टेप दर काही दिवसांनी बदलावीच लागते.

किनाऱ्यावरची खारी हवा आणि चार महिन्यांत पडणारा सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस यांचे काम वेगळे. दांडी पेलणाऱ्या खांबांच्या सरकत्या नळ्या गंजतात, दांडी एका बाजूला अडकते आणि उंची दोन्हीकडे सारखी राहत नाही. पोल रोवायच्या पेटीत, जी मागच्या टोकाला २० सेंटीमीटर खोल असते, माती आणि पाणी साचते. फोमची गादी थेट जमिनीवर असली तर खालून पाणी शोषते, जड होते आणि मधोमध दबते. तिच्याखाली लाकडी फळ्यांची चौकट घालून हवा खेळती ठेवली तर ती टिकते. पावसानंतर पहिल्या सरावाआधी खांबांना वंगण घालावे, पेटी खरवडून कोरडी करावी आणि गादीच्या खालून हात लावून बघावे. हात ओला झाला तर तो दिवस अडथळ्यांना द्यावा.