जुनी सवय जाते कुठे? कुठेच नाही!

आमच्या इथे इंदूरला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली सारखी जाहिरात फिरतेय, "एनएलपीने २१ दिवसांत मेंदू रिप्रोग्राम करा, गुटखा, मोबाईल, रात्रीचं खाणं सगळं सुटेल". फी हजारांत, आणि शिकली-सवरलेली माणसं भरतायत, म्हणून लिहायला बसलो.

एनएलपी म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी ते मांडलं. नावाजलेले थेरपिस्ट पेशंटशी कसे बोलतात ते बघून त्यांनी तंत्रं बनवली, मेंदूच्या प्रयोगांमधून ती आलेली नाहीत. डोळे कुठल्या दिशेला गेले यावरून खोटं ओळखता येतं हा बऱ्याच एनएलपीवाल्यांचा लाडका दावा २०१२ साली तपासला गेला तेव्हा टिकला नाही. आणि २१ दिवस? तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातला, पेशंटला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान इतके दिवस लागतात असं त्यांचं निरीक्षण होतं. लंडनला फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला तर नवी सवय लागायला मध्यक ६६ दिवस निघाला (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त), कुणाला १८, कुणाला २५४.

आता खरी गंमत. मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाचा भाग आहे, त्यातला स्ट्रायटम सवयीचं काम बघतो. एमआयटीच्या अ‍ॅन ग्रेबिएल यांनी उंदरांना टी आकाराच्या वाटेवर पळवलं. सुरुवातीला पूर्ण धावेत स्ट्रायटमच्या पेशी कामाला लागलेल्या असतात, पण सराव झाला की त्या फक्त सुरुवातीला आणि शेवटी जोरात पेटतात, मधे जवळजवळ शांतता, म्हणजे अख्खी धाव एकच तुकडा होऊन बसते आणि इशारा मिळाला की तो तुकडा आपोआप चालू होतो. मग २०१२ चा त्यांचाच प्रयोग, जो मला फार आवडतो. एका इशाऱ्याला उंदीर डावीकडे पळून चॉकलेट दूध पीत, नंतर त्या दुधाने मळमळेल असं केलं तरी इशारा झाला की डावीकडेच पळत, सवय पक्की! मग इन्फ्रालिंबिक कॉर्टेक्स नावाचा छोटा भाग प्रकाशाने बंद केला (पेशींमध्ये आधी जनुक घालून त्या प्रकाशाला प्रतिसाद देतील अशा केलेल्या असतात, याला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात) तर सवय मोडली, आणि हळूहळू उजवीकडे जायची नवी सवय लागली. पुढे तोच भाग पुन्हा बंद केला तर नवी सवय अडली आणि जुनी लगेच परत आली. म्हणजे ती पुसली गेलीच नव्हती, वर नवी बसली होती इतकंच.

इथे पोटभर जेवून झाल्यावरही रात्री स्कूटर सराफ्याकडे, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीकडे वळते ती अशीच. भूक नसते, पण दहा वाजलेत, सोबत मित्र आहेत, एवढा इशारा पुरतो. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचंही तेच, वुल्फ्रम शुल्ट्झ या संशोधकाच्या प्रयोगातल्या माकडांमध्ये रस मिळाल्यावर येणारी डोपामिनची लाट शिकल्यानंतर आधीच्या इशाऱ्यावरच यायला लागली.

म्हणून एनएलपीतल्या स्विश तंत्रातली, इशारा डोळ्यासमोर आणून त्याजागी दुसरं चित्र आणण्याची कल्पना अगदीच टाकाऊ नाही, इशाऱ्याला धरणं बरोबरच आहे, पण खुर्चीत बसून चित्र बदललं म्हणून स्ट्रायटम बदलत नाही. दारू सुटावी म्हणून गंडा बांधणारे आणि २१ दिवसांत प्रोग्राम बदलून देणारे, दोघंही हे रोजचं, कंटाळवाणं शिकणं टाळायला सांगतात आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची पद्धत फुकट आहे, "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधीच ठरवायचं. दहा वाजले की गच्चीवर चक्कर, असं अगदी नेमकं. नखं खाण्यासारख्या सवयींसाठी अझरिन आणि नन यांनी १९७३ मध्ये दिलेला उपाय तर आणखी सोपा, हात तोंडाकडे जातोय असं कळलं की मूठ सुमारे तीन मिनिटं घट्ट आवळून ठेवायची, त्या हाताने नख खाताच येत नाही. गुटख्यात मात्र सवयीबरोबर निकोटिनचं व्यसन असतं, तिथे डॉक्टरकडे जा, निकोटिन गम किंवा औषधं मिळतात आणि त्यांचा उपयोग नीट तपासलेला आहे.