कल्ला पाण्यात बुडवून बघा

कोळीण बांगड्याचं गालावरचं झाकण अंगठ्यानं उचलते आणि म्हणते, "बघ ताई, लालभडक हाय!" आपण ताजेपणाची खात्री करून घेतो आणि पिशवी पुढे करतो. पण घरी आल्यावर एक गंमत करा. साफ करताना निघालेला कल्ला वाटीभर पाण्यात सोडा. मघाशी लगदा वाटणाऱ्या त्या लाल गोळ्याची झालर पाण्यात सुटी होऊन पिसासारखी पसरते.

मासा हवेत का मरतो, याचं उत्तर या वाटीत आहे. हवेत प्राणवायू मुबलक असतो, लिटरमागे साधारण 210 मिलिलिटर. समुद्राच्या कोमट पाण्यात तो जेमतेम 5 मिलिलिटर मिळतो. तरीही हवेत झालरी एकमेकींना चिकटतात, श्वासाला लागणारा पृष्ठभागच नाहीसा होतो आणि मासा गुदमरतो.

बहुतेक माशांना दोन्ही बाजूंना चार-चार कल्ले असतात. प्रत्येकावर झालरींच्या दोन रांगा, आणि प्रत्येक झालरीवर कागदाहून पातळ पडदे. त्यांच्यातून रक्त वाहतं. मासा तोंड उघडून पाणी आत घेतो, मग तोंड मिटून ते कल्ल्यांवरून झाकणाबाहेर ढकलतो. पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन, त्यामुळे ही मेहनत काही थोडीथोडकी नाही. कुपा मासा तर ती करतच नाही. तो तोंड उघडं ठेवून अखंड पोहतो. थांबला की श्वास संपला!

खरी करामत मात्र दिशेची आहे. पडद्याबाहेरून पाणी जातं एकीकडे आणि आतलं रक्त नेमकं उलटीकडे. दोन्ही एकाच दिशेनं वाहिले असते, तर निम्म्यावर बरोबरी होऊन देवघेव थांबली असती. उलट्या प्रवाहात मात्र प्राणवायू घेऊन निघालेल्या रक्तालाही समोर त्याहून श्रीमंत, ताजं पाणी भेटतं. म्हणून काही मासे पाण्यातला 80 टक्क्यांपर्यंत प्राणवायू काढून घेतात. आपली फुप्फुसं हवेतला जेमतेम चौथा हिस्सा घेतात. अर्थात, आपल्याला तेवढी काटकसर करायची गरजच नाही.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. उन्हाळ्यात तळ्यातले मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडताना दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हीच टंचाई असते.

खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ही मासळी मात्र हवेत गुदमरण्यावर तोडगा काढून बसली आहे. ती कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून घेते आणि ओल्या कातडीतूनही प्राणवायू शोषते. तिचे गाल फुगलेले दिसतात ते त्या पाण्यामुळे आणि तोंडात धरलेल्या हवेमुळे.