मोटारीच्या एसी आणि हीटरची सुरक्षित देखभाल (कोल्हापूर परिसर)

मोटारीच्या केबिनमधील हवा थंड, कोरडी किंवा गरम करणाऱ्या यंत्रणेची तपासणी, सफाई, दुरुस्ती आणि गॅस भरणे या सगळ्याला व्यवहारात एसी सर्व्हिसिंग म्हणतात. यंत्रणेचे दोन वेगळे भाग आहेत. थंडाव्याच्या बाजूला वायू दाबणारा कॉम्प्रेसर, तो गार करून द्रव करणारा कंडेन्सर, ओल शोषणारा ड्रायर, दाब उतरवणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल यांचे बंद वर्तुळ असते. उबेच्या बाजूला इंजिनचे गरम कूलंट हीटर कोर या छोट्या रेडिएटरमधून फिरते. ब्लोअर एकच असतो. हवा आधी कूलिंग कॉइलवरून जाते आणि पुढे तिच्यातली किती हीटर कोरवरून जायची ते फ्लॅप ठरवतात. एका बाजूला दाबाखालचा वायू आणि दुसऱ्या बाजूला उकळत्या पाण्याहून गरम होऊ शकणारा द्रव असल्याने या कामात इजा होण्याची शक्यता खरीच असते.

गॅस आणि त्याबद्दलचा मोठा गैरसमज

आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा वायू असतो. त्याआधीच्या आर-१२ मुळे ओझोन थराला इजा होत असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण १०० वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता अडवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरली जाते. ४०० ग्रॅम गॅस हवेत सोडणे म्हणजे साडेपाचशे किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. मॉन्ट्रियल करारात २०१६ मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. तिच्यानुसार देशातील अशा वायूंची कपात २०३२ पासून सुरू होणार आहे. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो सौम्य ज्वलनशील असून त्याची जोडणी मुद्दाम वेगळ्या मापाची ठेवलेली असते.

‘गॅस संपलाय, भरून टाका’ ही मागणी गॅरेजमध्ये रोज ऐकू येते. पण गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला याचा अर्थ तो कुठूनतरी गळला. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षे थोडा पाझर होतो, तो सोडला तर दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागणारी गाडी दुरुस्त झालेलीच नसते. गॅससोबत तेलही बाहेर जाते, आणि तेल कमी पडले की शेवटी कॉम्प्रेसर जाम होतो. दोन-तीन वेळच्या स्वस्त ‘टॉपअप’ची किंमत मग एकदम मोजावी लागते.

नुसत्या दाबावरून गॅस किती आहे हे कळत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. बंद गाडीत ३० अंश तापमानाला गेजचे (दाबमापकाचे) दोन्ही काटे साधारण ९५ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचे एकक) थांबतात. आत १५० ग्रॅम असो वा ४५०, थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब तेवढाच दिसतो. म्हणून खात्रीची पद्धत एकच: सगळा गॅस काढून घ्यायचा आणि बॉनेटखालच्या लेबलवर छापलेल्या वजनाइतका वजनकाट्यावर मोजून भरायचा. छोट्या गाड्यांना सहसा ४०० ग्रॅमच्या आसपास लागतो. मागे दुसरी कॉइल असलेल्या मोठ्या गाड्यांना त्याच्या जवळपास दुप्पट. लेबल फाटले असेल तर मॅन्युअल पाहावे, अंदाज करू नये.

कोल्हापूरच्या हवेत काय बिघडते

उसाचा हंगाम सुरू झाला की शेतात पाचट पेटवतात. त्याची काळी काजळी उडून गाड्यांवर बसते आणि विंडशील्डखालच्या जाळीतून थेट केबिन फिल्टरवर जाते. ट्रॉल्यांमधून उडालेला पालाही तिथेच अडकतो. १०,००० ते १५,००० किलोमीटरला फिल्टर बदलावा असे सर्वसाधारण वेळापत्रक असते, पण ऊसपट्ट्यात फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर हंगाम संपताच उघडून पाहावा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने हवा. फिल्टर तुंबला की ब्लोअरचा आवाज मोठा आणि वारा कमी अशी अवस्था होते. कॉइलवर बर्फ धरतो आणि गिऱ्हाईक गॅस भरायला येते. आधी फिल्टर बघणारा मेकॅनिक त्याचे पैसे वाचवतो.

शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या परिसरात धूळ कंडेन्सरच्या पापुद्र्यांत बसते. ती हलक्या धारेने, शक्यतो इंजिनच्या बाजूकडून बाहेर अशी धुवावी. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की पापुद्रे आडवे होतात आणि हवा जायची वाटच बंद होते. हे काम करताना किल्ली काढलेली असावी, कारण रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊन बोटे जाऊ शकतात.

पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या घाटात काचा धुरकटतात. तेव्हा एसी बंद करणे चूक आहे. कूलिंग कॉइल हवेतली वाफ काढते आणि हीटर तीच हवा गरम करतो, म्हणून एसी आणि हीटर दोन्ही सुरू, हवा बाहेरची आणि झोत काचेवर अशी मांडणी ठेवावी. काच बाहेरून धुरकटत असेल तर मात्र थंडावा कमी करून वायपर फिरवावा. पावसाळ्यात एसी काम करत नसणे हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. म्हणून तपासणी मेच्या अखेरीपर्यंत उरकलेली बरी.

काम सुरू करण्यापूर्वी

डोळ्यांना बंद चष्मा आणि हातात हातमोजे हवेतच. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे द्रवाचा फवारा कातडी गोठवतो आणि डोळा कायमचा निकामी करू शकतो. फवारा लागल्यास भाग चोळू नये, कोमट पाण्याने बराच वेळ धुवावा आणि लगेच डॉक्टर गाठावा. गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गॅरेजच्या पिटमध्ये (गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यात) साचून प्राणवायू ढकलून देतो, म्हणून पिटवर उभ्या गाडीचे एसीचे काम करू नये. पाऊस आत येतो म्हणून शटर ओढून इंजिन चालू ठेवणे तर जिवावर बेतते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जवळ वेल्डिंग, गॅस कटर किंवा बिडी-सिगारेट नको. ज्योतीत हा वायू फुटून विषारी, आम्लधर्मी धूर तयार होतो. डॅशबोर्ड उघडायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावे आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मीटर लावू नये.

स्वयंपाकाचा गॅस भरूनही एसी थंड करतो, हे खरे आहे. तरी तो कधीही भरू नये. कूलिंग कॉइल केबिनमध्येच असते. ती गळली तर गाडीत बसलेल्यांभोवती पेट घेणारा वायू साचतो आणि ब्लोअरच्या स्विचची ठिणगी पुरते. नकली डब्यांतून कधीकधी आर-४० (मिथाइल क्लोराइड) येतो. तो ॲल्युमिनियमशी मिसळून हवा लागताच पेटणारे संयुग तयार करतो. डबा खात्रीच्या दुकानातून, सीलबंद आणि बिलावर घ्यावा.

गॅसच्या कामाचा क्रम

आधी जुना गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्यावा. साठवणीचे सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये, कारण उन्हात द्रव प्रसरण पावतो. मग गळती शोधावी. नळ्यांच्या जोडावर, कॉम्प्रेसरच्या शाफ्टपाशी किंवा कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला तर बहुधा तेच ठिकाण. खात्रीसाठी रेग्युलेटर लावलेल्या सिलिंडरमधून सुमारे १५० पीएसआयपर्यंत कोरडा नायट्रोजन भरून साबणाचे पाणी लावावे. गॅरेजच्या एअर कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, तिच्यात ओल असते. ऑक्सिजन तर नाहीच. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

उघडलेल्या प्रत्येक जोडाला नवी ओ-रिंग (रबरी कडी), तीही त्याच यंत्रणेच्या तेलात बुडवून लावावी. वर्तुळ बराच वेळ उघडे राहिले असेल तर ड्रायर बदलावा. कॉम्प्रेसरसाठी वापरले जाणारे पॅग तेल हवेतली ओल झपाट्याने शोषते, त्यामुळे बाटली उघडी ठेवू नये आणि मागच्या पावसाळ्यात फोडलेली बाटली वापरू नये. कंडेन्सर बदलल्यास सुमारे ३० मिलिलिटर, कूलिंग कॉइल बदलल्यास त्याहून थोडे अधिक तेल घालतात. नव्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा तेल आधीच असते, ते मोजल्याशिवाय आणखी ओतू नये.

यानंतर किमान ३० ते ४५ मिनिटे व्हॅक्यूम काढावा. इथे कोल्हापूरची उंची आड येते. मॅन्युअलमधला २९.९ इंचाचा (पाऱ्याच्या इंचांतला) आकडा समुद्रसपाटीचा आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने चांगला पंपही गेजवर २८ इंचाच्या आसपासच थांबतो. पंप खराब समजून बदलण्याची गरज नसते. खरे मोजमाप अगदी कमी दाब मोजणाऱ्या मायक्रॉन गेजवर, ५०० मायक्रॉन किंवा कमी, असे घ्यावे. पंप बंद करून १५-२० मिनिटांत काटा मागे आला तर गळती किंवा ओल शिल्लक आहे. राहिलेली ओल एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठते: एसी अर्धा तास छान चालतो, मग बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू होतो.

इंजिन बंद असताना हाय साइडने (कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूने) द्रव भरता येतो. इंजिन सुरू केल्यावर फक्त लो साइडने (कॉम्प्रेसरआधीच्या कमी दाबाच्या बाजूने), डबा उभा धरून, वायूरूपातच भरावा. लो साइडने द्रव गेला तर कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह तुटतात. चालू इंजिनवर गेजचा हाय साइडचा व्हॉल्व्ह उघडला तर उलटा दाब डब्यात शिरून डबा फुटतो. या कामातला सर्वांत घातक अपघात हाच.

३५ अंशांच्या दिवशी लो साइड ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय ठीक समजावी. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस जादा, आत हवा राहिलेली किंवा पंखा मंद. लो साइड व्हॅक्यूमकडे झुकली तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह तुंबलेला. लो जास्त आणि हाय कमी असेल तर कॉम्प्रेसर झिजलेला.

हीटरची बाजू

कोल्हापुरात हीटर थंडीतल्या पहाटेपुरता लागतो, म्हणून त्याकडे कोणी बघत नाही. रेडिएटरचे झाकण गरम इंजिनवर उघडू नये. दाब सुटताच कूलंट उकळून तोंडावर येते. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी सहसा निम्मे-निम्मे असते. बोअरचे पाणी घातले की हीटर कोरच्या बारीक नळ्यांत क्षार धरतात. हीटरला जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी एक गरम आणि दुसरी गार असेल तर कोर तुंबलेला किंवा आत हवा अडकलेली. दोन्ही गरम असूनही हवा गार येत असेल तर फ्लॅप तपासावा.

पायाखाली ओल आली तर बोटाने बघावे. साधे पाणी असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबली आहे. चिकट, गोडसर वासाचे असेल तर हीटर कोर फुटला आहे. जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात आणि त्यातल्या ग्लायकॉलने मरतात.

महापुरातून निघालेली गाडी

२०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरानंतर हा विषय इथे नेहमीचा झाला. गॅसचे वर्तुळ बंद असल्याने सहसा आत पाणी जात नाही, पण गाळ ब्लोअरमध्ये, कूलिंग कॉइलच्या पापुद्र्यांत आणि कॉम्प्रेसरच्या मॅग्नेटिक क्लचमध्ये शिरतो. बॅटरी सोडवून, ब्लोअर काढून, कॉइलचा डबा धुऊन पूर्ण सुकवल्याशिवाय एसी सुरू करू नये. नाहीतर शॉर्टसर्किट होते आणि कुजका गाळ श्वासात जातो. कंडेन्सर आणि जोड पुढच्या काही महिन्यांत गंजून गळू लागतात, म्हणून उन्हाळ्यात पुन्हा एकदा गळती तपासावी.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो. त्याच्या केबल नारिंगी असतात. प्रशिक्षण आणि इन्सुलेटेड हातमोजे असल्याशिवाय त्यांना हात लावू नये. त्यात वीज न वाहू देणारे विशिष्ट पीओई तेल लागते. पेट्रोल गाडीवर वापरलेल्या होजमधले पॅग तेल थोडे जरी आत गेले तरी कॉम्प्रेसरमधल्या विजेच्या मोटरच्या वाइंडिंगचे विद्युतरोधन घटते आणि गाडीची यंत्रणा वीजपुरवठा तोडते. अशा गाड्यांसाठी गेज आणि होजचा वेगळा संच ठेवावा.