प्रोटीन म्हटलं की डबाच का आठवतो?

परवा ठाण्यात माझ्या बारावीच्या बॅचला म्हटलं, आज आपण प्रोटीन बनवायचं, तर मागच्या बाकावरून लगेच, "सर, चॉकलेट फ्लेवर का?" पोरांची चूक नाही, धड्यात प्लास्मिडची (बॅक्टेरियातल्या डीएनएच्या छोट्या गोल कडीची) आकृती काढली की मार्क मिळतात, मग बॅक्टेरियाने बनवलेलं प्रोटीन डोळ्यांनी बघतंय कोण.

म्हणून जीएफपी, म्हणजे ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन, घेतलं. जेलीफिशमधलं हे प्रोटीन शिमोमुरांनी १९६२ साली शोधलं, २००८ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना, चाल्फींना आणि त्सिएनना मिळालं. याचा जीन निरुपद्रवी ई. कोलायमध्ये घातला, अरॅबिनोज नावाची साखर दिली की जीन चालू, नाही दिली तर तेच बॅक्टेरिया तसेच फिके. यूव्ही टॉर्च मारला की हिरवंगार. (टॉर्च लागतोच, हे स्वतःहून चमकत नाही. कोकण किनाऱ्यावर रात्री निळ्या लाटा दिसतात ते वेगळं प्रकरण, तिथे सूक्ष्मजीव स्वतः प्रकाश तयार करतात, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचाही दैवी चमत्कार होतो ते सोडा.)

आता खरी मजा. पेशी फोडल्या की हजारो प्रोटीनचा रस्सा होतो, त्यातून एकच वेगळं कसं काढायचं? मिसळीची तर्री आठवा. तेलाचे थेंब पाण्यात मिसळत नाहीत, एकमेकांना येऊन चिकटतात, कारण पाण्याला स्वतःच्याच रेणूंची संगत जास्त आवडते. प्रोटीनच्या अंगावरही असे तेलकट पट्टे असतात, एरवी पाणी त्यांना कसंबसं सांभाळून घेतं. त्यात भरपूर अमोनियम सल्फेट टाकलं, हो, शेतात खत म्हणून टाकतात तेच, की लग्नाच्या पंगतीत व्याही आल्यासारखं होतं, सगळे वाढपी तिकडे धावतात, म्हणजे पाण्याचे रेणू या मिठाच्या (अमोनियम सल्फेटही एक मीठच) आयनांभोवती गोळा होतात, आणि या तेलकट पट्ट्यांकडे बघायला कोणी उरत नाही, मग ते कॉलममधल्या, म्हणजे बारीक मण्यांनी भरलेल्या उभ्या नळीतल्या, तेलकट मण्यांना जाऊन चिकटतात. जीएफपीचे पट्टे बऱ्यापैकी तेलकट, म्हणून ते घट्ट बसतं, कमी तेलकट प्रोटीन खाली वाहून जातात. मग मीठ कमी करत न्यायचं, वाढपी परत येतात, पट्टे सुटतात, आणि टॉर्चखाली हिरवी पट्टी हळूहळू कॉलममधून खाली सरकताना दिसते. हायड्रोफोबिक इंटरॅक्शन क्रोमॅटोग्राफी हे नाव पोरं विसरतील, पट्टी नाही विसरणार.

एका मुलीने घाईत आधीच कमी मिठाचं द्रावण (बफर) ओतलं, सगळं हिरवं वेस्टच्या ट्यूबमध्ये! ती रडवेली झाली. म्हटलं, ट्यूब फेकू नकोस, त्यात परत अमोनियम सल्फेट घाल आणि कॉलमवर पुन्हा टाक. टाकलं, तर वरच्या मण्यांवर परत हिरवी रेघ बसली.