‘नास्तिक’ या शब्दाचा प्रवास: परलोक, वेद, ईश्वर

मराठीत आज ‘नास्तिक’ म्हटलं की देव न मानणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. शब्दाच्या वयाच्या मानाने हा अर्थ बराच अलीकडचा आहे, आणि त्यामुळेच आस्तिक-नास्तिक वादात दोन्ही बाजू अनेकदा वेगवेगळ्याच गोष्टींबद्दल भांडत राहतात.

व्याकरणकार पाणिनीच्या ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (4.4.60) या सूत्रातून आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक (दैव मानणारा) हे तीन शब्द साधतात. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक. पण काय आहे? सूत्र गप्प आहे. पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका, काशिकावृत्ती, उत्तर देते: परलोक. मनुस्मृतीची फूटपट्टी निराळी. तर्कशास्त्राच्या जोरावर श्रुति-स्मृतींचा (वेद आणि धर्मशास्त्रं यांचा) अवमान करणारा ‘नास्तिको वेदनिन्दकः’ (2.11), त्याला सज्जनांनी बहिष्कृत करावं. या दोन्ही व्याख्यांत ईश्वर कुठेच येत नाही.

आता माणसं मोजून पाहा. जैन आणि बौद्ध कर्म व परलोक मानतात, म्हणजे काशिकेच्या मापाने आस्तिक; वेद मानत नाहीत, म्हणून मनूच्या मापाने नास्तिक. मीमांसक, म्हणजे वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे दार्शनिक, वेदांचे कट्टर राखणदार, तरी जगाचा कर्ता ईश्वर त्यांना मान्य नाही. वेद मानणाऱ्या सांख्य दर्शनाच्या सांख्यसूत्रांत तर ‘ईश्वरासिद्धेः’ (1.92) असं सूत्रच आहे, ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. परलोक, वेद आणि ईश्वर या तिन्ही मापांनी नास्तिक ठरतात ते फक्त जडवादी चार्वाक.

ईश्वराविरुद्धचे सर्वांत धारदार युक्तिवाद शोधायचे तर ते चार्वाकांपेक्षा सातव्या शतकातल्या मीमांसक कुमारिल भट्टांकडे सापडतात, हे अनेकांना अजून धक्कादायक वाटतं. श्लोकवार्तिक या आपल्या ग्रंथात ते विचारतात: ईश्वराने जग कशासाठी निर्माण केलं? करुणेपोटी म्हणावं, तर सृष्टीआधी करुणा करायला कोणी जीवच नव्हते. आणि करुणाच असती तर त्याने फक्त सुखी जीव घडवले असते. काही हेतूच नव्हता म्हणावं, तर ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’, मंदबुद्धी माणूससुद्धा कारणाशिवाय हात हलवत नाही. शरीराशिवाय त्याने काम कसं केलं? शरीर होतं, तर ते कोणी घडवलं? यामागचं कारण समजून घेतल्याशिवाय कुमारिल कळत नाहीत. वेदांना कर्ता मानला की त्यांचं प्रामाण्य त्या कर्त्याच्या विश्वासार्हतेवर टांगलं जातं. म्हणून वेद अपौरुषेय (कोणीही न रचलेले) हवेत आणि जग अनादी हवं. इथे ईश्वर नाकारला गेला तो वेद वाचवण्यासाठी. आजच्या नास्तिकाने कुमारिलांना आपला पूर्वज म्हणण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

समोरच्या बाजूला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, होते. त्यांचं अनुमान थोडक्यात असं: पृथ्वी वगैरे (पक्ष) कोणीतरी घडवलेली आहे (साध्य), कारण ती कार्य आहे (हेतू), घटाप्रमाणे (दृष्टान्त). हे बिघडतं ते दृष्टान्तात. घडा करणारा कुंभार देहधारी असतो, त्याचं ज्ञान मर्यादित असतं, तो मरतो. मोठ्या वाड्याला तर अनेक गवंडी लागतात. घटावरून कर्ता काढायचा, तर हे गुणही सोबत येणार. त्यातून सर्वज्ञ, अविनाशी, एकच ईश्वर काढायला आणखी पुरावा लागतो. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हा पुरावा रचण्याचा सर्वांत समर्थ प्रयत्न केला.

त्याच ग्रंथात उदयनांनी नास्तिकाच्या एका आवडत्या वाक्यावरही नेमका घाव घातला आहे. ‘दिसत नाही म्हणून नाही’ हे केव्हा खरं? जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिच्याच बाबतीत. पुरेसा उजेड आहे, डोळे शाबूत आहेत आणि ओट्यावर घागर दिसत नाही, तर घागर नाही हे सिद्ध झालं. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. जे मुळातच इंद्रियांना दिसण्याजोगं नाही, त्याचा अभाव न दिसण्यावरून ठरत नाही. हा मुद्दा आजही तितकाच लागू आहे. नास्तिकाला दोन वाटा उरतात: देवाची कल्पनाच आतून विसंगत आहे हे दाखवणं (कुमारिलांची वाट), किंवा देव असता तर अमुक दिसायला हवं होतं आणि ते दिसत नाही, असं दाखवणं. जगातल्या दुःखावरून केलेला युक्तिवाद या दुसऱ्या प्रकारचा. दोन्ही वाटा पटत नसतील, तर माणूस अज्ञेयवादाकडे, म्हणजे ‘देव आहे की नाही हे माहीत नाही’ या भूमिकेकडे, वळतो.

चार्वाकांबद्दल एक दुरुस्ती इथेच करायला हवी. त्यांचे मूळ ग्रंथ उरलेले नाहीत; मत कळतं ते बहुतेक विरोधकांच्या लेखनातून. ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ (कर्ज काढून तूप प्यावं) हा चरण चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात, म्हणजे विविध दर्शनांचा सारांश देणाऱ्या ग्रंथात, येतो, पण त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला ‘यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः’ असा पाठही आहे. त्यात कर्ज नाही आणि तूपही नाही. मृत्यूच्या कक्षेबाहेर काही नाही, एवढंच आहे. एका चरणावरून संपूर्ण दर्शनाला चंगळवादी ठरवणं हा अन्याय आहे.

‘माहीत नाही’ म्हणणारेही जुनेच. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या सामञ्ञफलसुत्तात बुद्धाचा समकालीन विचारवंत संजय बेलट्ठिपुत्त परलोकाविषयी ‘आहे’, ‘नाही’, ‘दोन्ही’, ‘दोन्ही नाही’ यांपैकी एकही उत्तर स्वीकारत नाही. इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सलीने 1869 मध्ये इंग्रजीत ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ हा जो नवा शब्द घडवला त्याचा रोख वेगळा होता: पुराव्याने जेवढं ठरतं त्यापलीकडे खात्रीचा दावा करू नये. त्याच काळातला इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर आणखी पुढे जाऊन अंतिम तत्त्व मुळातच जाणता येणार नाही, असं म्हणत होता. मराठी ‘अज्ञेयवाद’ हा शब्द ऐकायला स्पेन्सरच्या जवळचा आहे, आणि हक्सलीची भूमिका त्यात नीट मावत नाही.

हे वारं पुण्यात आलं ते आगरकरांच्या पिढीबरोबर. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल आणि स्पेन्सर वाचलेल्या आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ हे वृत्तपत्र सुरू केलं. त्यांना सरसकट नास्तिक म्हटलं जातं, पण अज्ञेयवादी हे वर्णन अधिक नेमकं आहे. जोतीराव फुल्यांना तर नास्तिकांच्या यादीत घालणं चूकच. 1873 च्या सत्यशोधक समाजाचा ‘निर्मिक’ हा जगाचा कर्ताच आहे. नाकारला आहे तो त्याच्या आणि माणसाच्या मधला भट. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांची सुरुवात ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्यापासून होते, तरी त्यांनी धम्म ठामपणे स्वीकारला. निरीश्वर असणं आणि निधर्मी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

सरकारी कागदांवरही हीच गल्लत होते. 2011 च्या जनगणनेत ‘धर्म नमूद नाही’ या रकान्यात सुमारे 28.7 लाख लोक होते, आणि ते सगळे नास्तिक असल्याचं बिनदिक्कत छापलं गेलं. स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे त्याहून फार कमी, सुमारे 33 हजार. सप्टेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, आपण कोणत्याच धर्माचे नाही असं सांगण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि सरकारी अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती करता येत नाही, असा निर्णय दिला. शपथेपुरती वाट राज्यघटनेने आधीच मोकळी ठेवली होती: तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ला पर्याय म्हणून ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ हे शब्द आहेत. ते निवडताना कारण सांगावं लागत नाही, म्हणून ते म्हणणारा देव नाकारणारा आहे, अज्ञेयवादी आहे, की देवाचं नाव घेऊन शपथ घेऊ नये असं मानणारा श्रद्धावान आहे, हे त्या शब्दांवरून ठरवता येत नाही.