रुपयात किती आणे दुखतंय?

ऑपरेशनच्या दिवशी मामाला सकाळपासून चार वेळा नाव विचारलं गेलं. चौथ्यांदा ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारात विचारल्यावर तो वैतागला. "अहो ताई, हाताला पट्टी बांधलीय ना, तिच्यावर लिहिलंय की!" सिस्टरनी पट्टी वाचली आणि तरीही पूर्ण नाव त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. "कशाचं ऑपरेशन, बाबा?" "हर्नियाचं." "कुठल्या बाजूचं?" मामाने उजव्या जांघेवर हात ठेवला. सर्जनांनी मार्करने केलेली खूणही तिथेच होती.

मामा दिंडोरीचा द्राक्षबागायतदार. जन्मभर क्रेट उचलले, पासष्टीत हर्निया झाला, म्हणून डिसेंबरात नाशिकला दाखल केलं. त्याच वॉर्डात त्याच्याच आडनावाचे आणखी एक गृहस्थ होते, तेही हर्नियाचेच, पण डाव्या बाजूचे. ते कळल्यावर त्या चार प्रश्नांकडे मी नीट पाहू लागलो.

सिस्टरनी एकदाही "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं नव्हतं. घाबरलेला, कमी ऐकू येणारा किंवा औषधाने गुंगलेला माणूस अशा प्रश्नाला नुसती मान हलवतो. "नाव काय?" म्हटलं की उत्तर त्याला स्वतःला द्यावं लागतं. शस्त्रक्रियेच्या परिचर्येत प्रश्न कसा विचारायचा हे सुई कशी टोचायची याइतकंच शिकण्याचं काम आहे.

चहाचंच पाहा. रात्रपाळीच्या मुलाने "उपाशी आहात ना?" विचारलं होतं आणि मामाने "हो" म्हटलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. आपल्याकडे उपवासाला चहा चालतो! सकाळच्या सिस्टरनी विचारलं, "शेवटचं पोटात काय गेलं? किती वाजता?" तेव्हा पाच वाजताचा अर्धा कप दुधाचा चहा बाहेर आला आणि नऊचं ऑपरेशन अकरानंतर गेलं. घरचे चिडले, पण कारण पक्कं होतं. पूर्ण भूल दिली की अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते, ठसका लागण्याची प्रतिक्रियाही थांबते. जठरातलं आम्ल वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून सर्वसाधारण नियम असा: साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा २ तास आधीपर्यंत, दूध आणि हलकं खाणं ६ तास आधीपर्यंत, तळलेलं किंवा मटण असेल तर ८ तास किंवा त्याहून जास्त.

दाराच्या आत काय चालतं ते मला मावसबहिणीने सांगितलं. ती ओटीत अधिपरिचारिका आहे. मॉप म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचं जाड कापड. रक्ताने भिजलेला मॉप पोटात मांसासारखाच दिसतो, म्हणून ऑपरेशनआधी, पोट बंद करण्याआधी आणि शेवटी असे मॉप, गॉज, सुया मोजतात. दोघी मिळून, मोठ्याने. एक जरी कमी भरला तरी टाके थांबतात. जमीन, बादली, चादर सगळं धुंडाळतात आणि तरीही सापडला नाही तर एक्स-रे काढतात. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो तो याचसाठी. आत काही राहून गेल्याच्या बहुतेक प्रकरणांत मोजणी 'बरोबर' अशीच नोंदलेली आढळते, म्हणून बहीण मनातल्या मनात मोजू देत नाही.

या बोलून खात्री करण्याला जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांच्या यादीचं रूप दिलं. त्या कामाचे प्रमुख होते डॉ. अतुल गवांदे, ज्यांचे वडील मूळचे महाराष्ट्रातले. नवी दिल्लीसह ८ शहरांतल्या रुग्णालयांत यादी वापरून पाहिली. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलं. पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओच्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला, त्यात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. मला हा दुसरा अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. यादीवर बरोबरच्या खुणा तर कुणीही करून टाकेल. प्रश्न मोठ्याने विचारून उत्तरासाठी थांबावं लागतं.

मामा बाहेर आला तो कुडकुडत. भुलेमुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि शरीराच्या गाभ्यातली ऊब हातापायांकडे पसरते. पहिल्याच तासात गाभ्याचं तापमान १ ते १.५ अंश सेल्सिअसने उतरू शकतं. अशा गारठ्यात रक्त नीट गोठत नाही, जखमेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सिस्टरनी गरम हवेचं पांघरूण घातलं. कडाक्याच्या थंडीत घड जपायला रात्रभर बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी "दुखतंय का?" विचारलं की मामाचं एकच उत्तर, "नाही, ठीक आहे." शून्य ते दहामधला आकडा सांगा म्हटलं, तर त्याला काही सुचेना. तेव्हा वयस्क सिस्टर म्हणाल्या, "बाबा, रुपयात किती आणे दुखतंय?" मामा लगेच बोलला, "पडून चार आणे. खोकलं की बारा." ते बारा आणेच महत्त्वाचे होते. दुखतं म्हणून माणूस खोकत नाही, खोल श्वास घेत नाही. मग फुप्फुसाचे तळाचे कप्पे मिटतात, कफ साचतो, न्यूमोनियाची भीती वाढते. त्यांनी डॉक्टरांना कळवून औषधाची वेळ बदलून घेतली. पोटावर उशी दाबून खोकायला शिकवलं. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र मामा जोर लावून फुंकत होता. ते फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं, हेही दाखवलं. रात्रीच धरून चार पावलं चालवलं, कारण पडून राहिलं की पोटऱ्यांतलं रक्त संथ होऊन गुठळी होऊ शकते.

जेवणावरून मामी अडली. भात आणि आंबट खाल्लं की जखमेत पू होतो, हे तिने सासूकडून ऐकलेलं. पू जंतूंमुळे होतो, भाताने नाही. उलट जखम सांधणारं कोलॅजन तयार व्हायला प्रथिनं आणि 'क' जीवनसत्त्व लागतं. म्हणजे डाळ, अंडी, पेरू आणि मामी वर्ज्य करत होती ते लिंबूसुद्धा.

घरी सोडताना सिस्टरनी सूचना सांगितल्या आणि "समजलं ना?" असं विचारलं नाही. म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा, कशासाठी ताबडतोब यायचं?" मामाने बोटं मोजली. ताप, जखमेतून पू किंवा रक्त, लघवी अडणं, पोटऱ्या सुजणं, उलट्या.

"आणि क्रेट?"

"डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा नाही, ताई."